श्वासाची धास्ती आणि वेदनेचा हक्क

‘डॉक्टर, मॉर्फिन नको. श्वास बंद पडेल,’ ही विनवणी आमच्या नागपुरातल्या अनेक घरांत मी ऐकली आहे. खाटेवरचा माणूस कर्करोगाच्या वेदनेने रात्रभर तळमळतो आणि त्याचीच मुले औषधाला दाराबाहेर थोपवतात. प्रेमापोटीच.

भीती अगदीच निराधार नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र आपल्याला श्वास घ्यायला लावते. मॉर्फिन वेदना बोथट करते, तशी ही जाणीवही बोथट करते. मात्रा एकाएकी फार झाली, तर श्वास मंदावतो.

बँकेत मी असे अधिकारी पाहिले, जे कर्ज बुडेल या भीतीने कुणालाच कर्ज देत नसत. जोखीम ओळखून ती सांभाळणे, हे खरे काम. डॉक्टरांनाही तेच करायचे असते. आरंभ लहान मात्रेने, वाढ वेदनेच्या मापाने आणि बेताबेताने. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 सालीच सांगितले : औषध शक्यतो तोंडाने, ठरल्या वेळी, पायरीपायरीने द्यावे. असे दिले तर काही दिवसांत शरीर सरावते आणि श्वासाचा धोका पुष्कळ कमी होतो.

घरच्यांची कामगिरीही मोठी आहे. श्वास मंदावण्याआधी बहुधा ग्लानी येते. हाक मारून माणूस नीट जागा होत नसेल, किंवा मिनिटाला श्वास आठ-दहाच्या खाली जात असतील, तर पुढची मात्रा न देता लगेच डॉक्टरांना गाठावे. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांची जोड जिवावर बेतू शकते. मूत्रपिंड दुबळे असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर ते आधीच सांगावे. वेळ आलीच तर नॅलोक्सोन हे उतारा देणारे इंजेक्शन आहे. त्याचा असर मात्र मॉर्फिनच्या आधी ओसरतो, म्हणून सुधारणा दिसली तरी रुग्णाला देखरेखीखालीच ठेवावे लागते.

एक विसंगती मला बोचते. शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे, सरकारी परवान्याने अफू पिकते आणि औषधासाठी परदेशीही जाते. इथे मात्र 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात रुग्णाची गोळी अडकली. 2014 च्या दुरुस्तीने ती वाट सोपी झाली. पण कागदावरची गाठ सुटली म्हणून मनातली सुटत नाही.

ती सोडवायची कुणी? डॉक्टरांनी दोन मिनिटे जास्त बसून समजावावे, आणि आपण न घाबरता विचारावे : मात्रा किती, कधी, आणि काय दिसले तर फोन करायचा? उत्तरे वहीत लिहून उशाशी ठेवावीत. आपल्या माणसाचा श्वास जपायचा, म्हणून त्याला वेदनेत ठेवायचे, असा सौदा कुणी करू नये.