निर्मळ पाण्याचें बक्षीस कोणास?

नद्या, तळीं व धरणें यांच्या गोड्या पाण्यांत खताचा अंश वाढत जाऊन तें पाणी नासूं लागलें आहे. तें शुद्ध करण्याची युक्ति जो काढील त्यास मोठें बक्षीस द्यावें, अशी चाल अलीकडे परदेशांत पडली आहे. आपल्याकडेहि तसें कांहीं व्हावें असें सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यांत वरचेवर येतें. शहापूर व मुरबाड या आमच्या दोन तालुक्यांचा या प्रश्नाशीं इतका निकट संबंध आहे कीं, अशी स्पर्धा निघण्यापूर्वींच तिचे नियम कसे असावेत याविषयीं शेतकऱ्यानें आपलें म्हणणें मांडून ठेवावें, हें आम्हांस इष्ट वाटतें. नियम एकदां छापून निघाले म्हणजे त्यांतला कानामात्रा बदलणें किती कठीण असतें, हें तहशील कचेरींत कागद लिहिण्यांत उमेदीचीं वर्षें घालविल्यामुळें आम्हांस पक्कें ठाऊक आहे.

प्रथम रोग काय तें पाहूं. शेतांत घातलेलें नत्र व स्फुरद पिकानें घेतलें तर तें पिकाचें अन्न. तेंच वाहून ओढ्यांत गेलें म्हणजे शेवाळाचें व जलपर्णीचें अन्न होतें. शेवाळ माजतें, मरतें, कुजतें आणि कुजतांना पाण्यांतला प्राणवायु संपवितें. मग मासे तडफडून मरतात. कांहीं जातींचें शेवाळ तर विषहि सोडतें. अमेरिकेंत ईरी नांवाच्या प्रचंड सरोवराच्या कांठीं टोलेडो हें शहर आहे. तेथील चार लाखांहून अधिक लोकांस २ ऑगस्ट २०१४ रोजीं नळाचें पाणी पिऊं नका म्हणून बजावावें लागलें, व ती बंदी उठण्यास तिसरा दिवस उजाडला. पाणी उकळण्याचाहि उपयोग नव्हता, कारण उकळल्यानें तें विष उलट दाट होतें. त्या सरोवरांत शेवाळ माजविणारें स्फुरद बहुतांशीं शेतांतूनच वाहून आलेलें होतें.

आमच्याकडे कल्याण-मोहन्याच्या बाजूस उल्हास नदी जलपर्णीनें झांकून जाते, ती पुष्कळांनीं पाहिली असेल. तेथें मुख्य दोष शहरांच्या सांडपाण्याचा आहे, आणि ही गोष्ट आम्ही कोणास विसरूं देणार नाहीं. परंतु आपल्या बांधावरून कांहींच जात नाहीं असें जो शेतकरी म्हणतो, तोहि खरें बोलतो असें नाहीं. वर्षास अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. आवणी झाल्यावर एका सकाळीं युरिया फोकावा, रात्रीं मुसळधार लागावी, आणि दुसऱ्या दिवशीं वरच्या खाचराचें पाणी बांधाच्या तोंडानें खालच्या खाचरांत व तेथून ओढ्यांत खळाळत जावें, हें दरसाल आपण डोळ्यांनीं पाहतों. पंचेचाळीस किलोंच्या गोणींत नत्र वीस किलोंहून थोडें अधिक. त्यांतलें भातानें किती खाल्लें आणि नदीनें किती, याचा हिशेब कोणत्याच दप्तरांत नाहीं.

आणि हा ओढा जातो कोठें? भातसा धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रानेंच पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत जातें. तेथें तें उपसून पांजरापूर येथें शुद्ध करतात व मुंबईस नेतात. मुंबईच्या रोजच्या पाण्यांत सुमारें निम्मा वांटा एकट्या भातसेचा आहे. तानसा तर १८९२ सालापासून त्या शहराची तहान भागवीत आहे. मुरबाडच्या अंगास बारवी आहे, ती कारखान्यांस व खालच्या शहरांस पाजते. आमच्या खाचरांतून निघालेलें पाणी असें परक्याच्या पेल्यांत जातें, आणि वैशाखांत आमच्याच गांवपाड्यांतल्या बाया हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसतात. हा सल नवा नाहीं. पण बक्षिसाचा पैसा कोणीं द्यावा हें ठरवितांना तो उपयोगीं पडेल, म्हणून येथें टिपून ठेवितों.

आतां परदेशांतील दोन स्पर्धा पाहूं. फ्लोरिडांतील एव्हरग्लेड्स नांवाच्या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशाच्या रक्षणार्थ स्थापन झालेल्या एव्हरग्लेड्स फाउंडेशननें जॉर्ज बार्ली यांच्या नांवें एक कोटी डॉलरांचें बक्षीस लाविलें. गोड्या पाण्यांतलें स्फुरद स्वस्तांत काढून दाखवा, व तेंहि असें कीं एक अब्ज भाग पाण्यांत दहाच भाग उरावेत, अशी अट. निवडक मंडळींनीं २०१८ सालीं कॅनडांतील हॉलंड मार्श या भाजीपाल्याच्या मुलुखांत, कडाक्याच्या थंडींत, आपापल्या रीति चालवून दाखविल्या. त्यांच्या बुद्धीविषयीं आम्हांस आदरच आहे. पण आम्हीं हिशेब असा मांडला: स्फुरद परदेशच्या खाणींतून उकरावयाचें, जहाजानें आणावयाचें, सरकारनें अनुदान देऊन विकावयाचें, शेतकऱ्यानें फोकावयाचें, पावसानें वाहून न्यावयाचें आणि अखेर कोटीच्या कोटी खर्चून पुन्हां पाण्यांतून गाळून काढावयाचें. कणगीस भोंक पडलें असतां अंगणांत सांडलेला दाणा वेंचणारास बक्षीस देण्यासारखें हें झालें. भोंक बुजविणाराचें काय?

दुसरी स्पर्धा न्यू ऑर्लिन्स येथील ट्युलेन विद्यापीठाची. शेतांतून नत्र कमी वाहावें व पीक मात्र घटूं नये, यासाठीं दहा लाख डॉलर. लुइझियाना प्रांतांत मक्याच्या शेतावर अखेरची परीक्षा झाली, आणि डिसेंबर २०१७ मध्यें बक्षीस मिळालें तें यंत्रास नव्हे कीं औषधासहि नव्हे, तर ‘अडॅप्ट-एन’ नांवाच्या एका हिशेबास! जमीन, पाऊस व पीक यांची माहिती संगणकास द्यावी, म्हणजे आज किती नत्र द्यावें व किती हातचें राखावें, हें तो सांगतो. ही बातमी वाचून आमच्यांतला जुना कारकून सुखावला, हें कबूल करतों.

आमच्या भातास लागू पडेल अशी युक्ति शोधण्यास समुद्रापार जाण्याचें कारण नाहीं. डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री भात लागवड कोंकणांत कित्येक वर्षें सांगितली जात आहे. तूस व पेंढा यांचा शेतांतच वापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ठराविक अंतरावर लावणी, आणि चौथें सूत्र म्हणजे युरिया-डीएपीच्या गोळ्या. सुमारें पावणेतीन ग्रॅमची एक गोळी चार चुडांच्या मध्यें, सात ते दहा सेंटिमीटर खोल, आवणीच्याच दिवशीं दाबावयाची. चिखलांत खोल बसलेलें खत वरच्या पाण्याबरोबर जात नाहीं. मुळें त्याच्याकडे येतात व तें हळूहळू घेतात. फोकण्यापेक्षां खत कमी लागतें आणि पीक बरें येतें. जें भोंक बुजवावें असें आम्ही म्हणतों, त्याचें बूच हेंच.

मग सर्वजण गोळी कां लावीत नाहींत? दोन वर्षांपूर्वीं आम्हीं आपल्या वीस गुंठ्यांत ती लावून पाहिली, तेव्हां उत्तर मिळालें. वीस गुंठ्यांस गोळ्या लागतात बारा हजारांहून अधिक. एकेक गोळी वांकून बोटानें दाबावयाची. चार बाया दिवसभर वांकल्या, संध्याकाळीं त्यांतली वडील बाई कमर धरून आम्हांस म्हणाली, “भाऊ, तुमचं खत वाचलं, पन आमची पाठ गेली.” तिला देण्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, अर्धा रोज जास्त दिला. त्यांतच गोळी दुकानांत आली ती आठ दिवस उशिरा, म्हणून शेजारच्या दोघांनीं आधींच युरिया फोकून टाकला होता. त्या वर्षीं आमच्या खाचराखालून वाहणारें पाणी निवळ होतें कीं नाहीं हें कसें सांगावें? वरचीं दोन्ही खाचरें त्या शेजाऱ्यांचींच.

आमचें म्हणणें यांतून निघतें. उणीव शोधाची नाहीं, शोध बांधापर्यंत नेण्याच्या मजुरीची आहे; आणि बक्षीस एकट्या शेतकऱ्यास देऊन भागणार नाहीं, एका ओढ्यास मिळणाऱ्या सर्वांस तें मिळून दिलें पाहिजे. लोक मिळून कामास लागतात याचा दाखला घरांतच आहे. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ सालीं तीन तालुक्यांत सुरू झाली. पहिल्या वर्षीं कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें पन्नास लाखांचें पहिलें बक्षीस नेलें, आणि २०१९ पर्यंत सत्तरांवर तालुके तींत उतरले. तेथें प्रश्न पाणी किती अडलें हा होता. पाण्यांत काय आहे हें कोणीं विचारलें नाहीं, व दुष्काळी मुलुखांत तें साहजिकच होतें. आमच्या दोन तालुक्यांत मात्र तोच प्रश्न विचारण्याजोगा आहे.

परीक्षा कशी घ्यावी? समितीनें दिवस कळवून येऊं नये. गांवाच्या स्वच्छतेची अशी एक तपासणी आम्ही दप्तर घेऊन जवळून पाहिली आहे. ओढ्याकांठचा उकिरडा आदल्या रात्रीं आंब्याच्या डहाळ्यांनीं झांकला होता. समितीनें गांवकऱ्यांच्या वृक्षप्रेमाची तारीफ करून वहींत शेरा मारला. उलट पीक कापणी प्रयोगांत शेत व त्यांतला चौकोन चिठ्ठीच्या न्यायानें निघतो, चांगला कोपरा कोणास दाखवितां येत नाहीं. तशाच रीतीनें ओढ्याच्या मुखाशीं पाण्याचे नमुने घ्यावेत: पहिल्या पावसाच्या लोंढ्याचा, आवणीनंतरचा, वरखतानंतरचा आणि भाद्रपदांतला. त्या ओढ्याची तुलना त्याच्याच मागील सालाशीं करावी, दुसऱ्या गांवाशीं नव्हे. डोंगराखालचा ओढा व गांवाखालचा ओढा एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल. आणि एकरीं भात घटलें असेल तर बक्षीस नाहीं. खतच न घालतां पाणी निर्मळ ठेवणें कोणासहि साधेल.

बक्षिसाची वांटणी हा सर्वांत नाजूक भाग. सातबाऱ्यावर नांव एकाचें आणि चिखलांत पाय दुसऱ्याचे, हें आम्हीं नोकरींत रोज पाहिलें. गोळी दाबणारे हात बहुधा कातकरी व ठाकूर वाडीवरच्या बायांचे. रक्कम केवळ खातेदारांच्या नांवें वांटली गेली, तर पुढच्या वर्षीं ते हात मिळणार नाहींत. म्हणून गोळी लावण्याच्या रोजाचा जादा भाग आवणीच्याच आठवड्यांत, निकालाची वाट न पाहतां, रोख मिळाला पाहिजे. उरलेलें बक्षीस मागाहून.

पैसा मुंबईनें द्यावा. हें मागणें उद्धटपणाचें वाटेल त्यांनीं न्यूयॉर्कचें उदाहरण पाहावें. त्या शहराचें पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगरांतून, शेतकऱ्यांच्या मुलुखांतून येतें. गाळणीचा अवाढव्य कारखाना उभारण्याऐवजीं शहरानें १९९७ सालीं वरच्या गांवांशीं करार केला. त्याच्या कांहीं वर्षें आधींपासूनच शेणखताचे हौद, गुरांस ओढ्यापासून दूर राखणारीं कुंपणें इत्यादि कामांचा खर्च शहर सोसूं लागलें होतें. शेतकऱ्यानें भाग घ्यावा कीं नाहीं, तें त्याच्या मर्जीवर. ज्याच्या पेल्यांत पाणी जातें त्यानें बांधाची मजुरी द्यावी, हा सौदा तेथें उभयतांस परवडला.

एक भय मात्र आमच्या मनांत आहे. नमुने घेतले कीं आंकडे होतात, आणि आंकडे एकदां दप्तरीं चढले कीं ते कोणाच्या हातीं लागतील याचा नेम नाहीं. उद्यां कोणी त्याच कागदावर बोट ठेवून धरणांच्या वरच्या शेतकऱ्यांस नदी नासविणारे ठरवील, आणि शहरांच्या नाल्यांकडे पाहणार नाहीं. यास्तव स्पर्धेच्या पहिल्याच कलमांत असें लिहून घ्यावें कीं, हे नमुने बक्षिसाखेरीज कोणत्याहि चौकशींत शेतकऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहींत. आणि त्याच दिवशीं, त्याच बाटल्यांत, खालच्या शहरांच्या नाल्यांचेहि नमुने घेतले जावेत. हें कलम नसेल तर आमच्या वाडीनें स्पर्धेंत उतरूं नये, असें आम्ही स्वतः सांगूं.

एवढ्यावर मुंबईच्या उत्तराची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. येत्या ज्येष्ठांत आपल्या संघानें दोन्ही तालुक्यांतून एकेक लहान ओढा निवडावा, गोळीची मागणी वैशाखांतच नोंदवावी, आणि पहिल्या लोंढ्याच्या पाण्याची बाटली भरून ठेवावी. आमच्या वीस गुंठ्यांचा मजुरीचा व खताचा हिशेब तारीखवार लिहिलेला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं पुढील सभेच्या दिवशीं मागावा, आम्ही वही घेऊन येऊं.