नाट्यगृहाचा जीर्णोद्धार

खासबागेचें कुस्तीचें मैदान आणि त्यास लागून असलेलें नाट्यगृह, हीं दोन्ही राजर्षि शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरास दिलेलीं लेणीं होत. बलोपासना व कलोपासना यांस त्यांनीं शेजारीं शेजारीं घर दिलें. नाट्यगृह १९१५ सालीं पुरें झालें. त्यास प्रथम 'पॅलेस थिएटर' म्हणत. १९५७ सालीं त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. ता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं त्यास आग लागली व आंतील रंगमंच, छप्पर आणि आसनें जळालीं. दुसऱ्याच दिवशीं केशवरावांची जयंती होती!

नाट्यगृह जसेंच्या तसें उभारावें, अशी मागणी झाली. ती रास्तच आहे. दगडी भिंती, रंगमंचाची ठेवण, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचणारा नटाचा आवाज, हें सर्व पूर्ववत् हवें. मात्र जेथें पडदे, लांकूड आणि विजेच्या तारा एकत्र नांदतात, तेथें आग विझविण्याचीं साधनें व बाहेर पडण्याच्या प्रशस्त वाटा यांत कसूर होतां कामा नये. जुनेपणाच्या नांवाखालीं या खर्चांत काटकसर करणें म्हणजे दुसऱ्या आगीस आमंत्रणच होय.

परंतु एवढ्यानें जीर्णोद्धार पुरा होतो काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचेंच उदाहरण घ्या. १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. १९९३ सालीं तें बंद पडलें आणि दुरुस्तीनंतर २०१६ सालीं पुन्हां उघडलें. मधलीं तेवीस वर्षें भिंती उभ्या होत्या, पण नाट्यगृह नव्हतें. कारण कलावंत व प्रेक्षक हेच नाट्यगृहाचे प्राण होत.

हे प्राण कोल्हापुरांत आणावयाचे कोठून? आमच्या मतें, गांवांतूनच. सुटीच्या दिवशीं धंदेवाईक मंडळ्यांकडून पुरें भाडें खुशाल घ्यावें, कारण वास्तूची निगा फुकट होत नाहीं. पण आडवारीं तोच रंगमंच शाळांतील मुलांस, हौशी नटांस व शाहिरांस नाममात्र भाड्यानें मिळावा. तालमीसाठीं एखादी खोली असावी. पडदे रंगविणें, प्रकाशयोजना, रंगभूषा हीं कामें मुलामुलींस जाणत्यांच्या हाताखालीं शिकतां यावींत.

केशवरावांनीं स्वतः 'ललितकलादर्श' मंडळी काढली ती १९०८ सालीं, वयाच्या विशीच्या आंतच. पुढें १९२१ सालीं त्यांनीं बालगंधर्वांसह 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग केला. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या त्या दिवशीं एका रंगमंचावर आल्या, त्या टिळक स्वराज्य फंडासाठीं! ज्यांच्या नांवाचें हें घर आहे, त्यांनीं कला लोककार्यास लावली. त्यांच्या घराचें दार गांवच्या गरीब पोरास जड वाटूं नये, एवढीच आमची मागणी आहे. जळालेलें छप्पर पैशानें परत येईल. त्याखालीं उभा राहणारा उद्यांचा नट मात्र आजच तालमीस बसला पाहिजे.