स्वप्न पडणं सोपं असतं

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरच्या गारगार हॉलांत हल्ली आयुष्यं बदलून मिळतात. डोळे मिटा, मोठं स्वप्न बघा, आपली कथा नव्यानं लिहा! चहा-नाश्ता फीमध्येच. ‘लाइफ कोच’ नावाच्या या नव्या पुरोहितांचा मला मनस्वी संताप येतो. कारण स्वप्नानं आणि कथेनं माणूस खरोखर बदलतो, आणि त्याचा पुरावा याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला समाधिस्थ आहे.

संत बहिणाबाई. जन्म १६२८, वेरूळजवळचं देवगाव. ब्राह्मणाची पोर, कोवळ्या वयात तिशीतल्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला जाते म्हणून नवऱ्यानं मारलं, बांधून घातलं. लळा लागलेलं वासरू मेलं. त्या घालमेलीत तुकोबा स्वप्नात आले आणि त्यांनी मंत्र दिला. ब्राह्मणाच्या बायकोला शूद्राचा अनुग्रह? नवरा घर सोडायला निघाला. पुढे देहूला गेल्यावर तिथल्या मंबाजी गोसाव्यानं छळ मांडला, तो वेगळाच. कोचमहाराज, तुमच्या रंगीत स्लाइडींत हे पान कुठाय?

तुम्ही विकता ते स्वप्न फुकट असतं, कुणालाही पडतं. याच शहरात बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढलं, त्याला मिलिंद राजाचं नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन. ज्या ग्रंथातून ही नावं आली तो ‘मिलिंदप्रश्न’ तरी उघडायचात! भदंत नागसेन स्वप्नं पाहणाऱ्यांचे सहा प्रकार सांगतात. त्यांतले तिघे निव्वळ वात, पित्त आणि कफ यांचे बळी. खरं ठरणारं स्वप्न सहांत एकाचंच. म्हणजे तुमच्या हॉलात डोळे मिटून बसलेल्यांपैकी कितीजणांना दृष्टान्त होतोय आणि कितीजणांना नाश्ता बाधलाय, हे आधी तपासा.

बहिणाबाईंना नुसत्या स्वप्नानं बदललं नाही. जागं झाल्यावर त्या स्वप्नाला चिकटून राहिल्या, मार-अपमान पचवूनही, म्हणून बदलल्या. जन्मानं कुणी ब्राह्मण होत नाही असं ठणकावणारी ‘वज्रसूची’ त्यांनी अभंगांत आणली, स्वतः ब्राह्मणाच्या घरात राहून! ही हिंमत कुठल्या कोर्सात मिळते?

आणि कथा? अखेरच्या दिवसांत त्यांनी मुलाला, विठोबाला, मागचे जन्मसुद्धा सांगितले. आत्मनिवेदनात नवऱ्याची मारझोड आहे, बांधून घातलेलं आहे, जीव द्यावासा वाटलेला आहे. काही पुसलं नाही, काही गोंडस केलं नाही. तुम्ही मात्र पहिल्याच तासाला सांगता, ‘नकारात्मक आठवणी सोडून द्या.’ ही बाई तुमच्या तावडीत सापडली असती, तर नवऱ्याला माफीचं पत्र लिहून, हातात सर्टिफिकेट घेऊन घरी गेली असती, आणि मराठीतलं एक थोर आत्मचरित्र तुमच्या फीडबॅक फॉर्ममध्ये गाडलं गेलं असतं.