विश्लेषण : एक पत्ता न तपासल्याने फोनचा ताबा कसा जातो?

फोटो दाखवणारे ॲप फोनच्या स्टोरेजमधून फोटो स्वतः वाचत नाही. ते काम ते ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेल्या कर्नलला सांगते : ही फाइल वाच आणि मजकूर मेमरीतल्या या पत्त्यावर ठेव. तो पत्ता ॲपच्याच हद्दीतला आहे का, हे कर्नलने तपासायचे असते. ही तपासणी राहून गेली तर काय होते, हे २०१३ मध्ये अँड्रॉइड फोनबाबत दिसले.

धोका नेमका कुठे?

ॲपला स्वतःच्या वाट्याची मेमरी तेवढी वापरता येते, कर्नलला मात्र सगळी. ग्राहकाने चिठ्ठीवर आपल्या लॉकरऐवजी बँकेच्या तिजोरीचा क्रमांक लिहिला आणि कर्मचाऱ्याने न पाहता तिजोरी उघडली, तसाच हा प्रकार.

म्हणून लिनक्स कर्नलमध्ये ॲपच्या मेमरीला थेट हात लावायचा नाही, असा दंडक आहे. ‘गेट यूजर’, ‘पुट यूजर’, ‘कॉपी फ्रॉम यूजर’ अशा ठरलेल्या फंक्शनमधूनच जावे लागते. ती पत्त्याची हद्द तपासतात आणि पत्ता चुकीचा असेल तर यंत्रणा कोसळू न देता तसे कळवतात. शिवाय माहिती एकदाच आत आणून तीच प्रत तपासायची आणि वापरायची. पुन्हा वाचायला गेल्यास तेवढ्या वेळात ॲप ती बदलू शकते.

२०१३ मध्ये काय घडले?

फोनमध्ये सर्रास असलेल्या एआरएम प्रोसेसरच्या काही प्रकारांसाठी ‘गेट यूजर’ आणि ‘पुट यूजर’मध्ये हद्दीची तपासणीच पुरेशी नव्हती. त्यामुळे एखादे ॲप कर्नलची मेमरी वाचू आणि बदलू शकत होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१३ मध्ये या त्रुटीचा अँड्रॉइड फोनवर प्रत्यक्ष गैरवापर झाला. खटकणारी बाब अशी, की लिनक्सच्या ३.५.५ आवृत्तीत ती २०१२ मध्येच दुरुस्त झाली होती.

चूक पुन्हा होऊ शकते?

झाली आहे. २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ मधील ‘वेटआयडी’ या सिस्टीम कॉलमध्ये हीच तपासणी राहून गेली. आता प्रोसेसरही कर्नलला ॲपच्या मेमरीपासून रोखतो. पण ठरलेल्या कामासाठी हे कुलूप काढावेच लागते आणि पत्ता त्याआधी तपासलेला नसेल, तर कुलपाचा उपयोग होत नाही.

मग उपाय काय?

लाखो ओळींच्या कोडमध्ये चुका राहणारच. प्रश्न दुरुस्ती ग्राहकाच्या फोनपर्यंत किती लवकर पोहोचते, हा आहे. लिनक्समधील बदल चिप कंपनी आणि फोन कंपनी यांच्यामार्फत येतो आणि तिथेच रेंगाळतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट देणे बंधनकारक केले आहे. भारतातही खोक्यावर मेगापिक्सेलइतक्याच ठळकपणे अपडेटची अखेरची तारीख छापली गेली पाहिजे. तोवर ग्राहकाने सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख पाहावी. ती वर्षभर जुनी असेल, तर दुरुस्त झालेल्या कित्येक त्रुटी त्या फोनमध्ये अजून उघड्याच आहेत.