कात्री कोणाच्या हाती?

ऑस्ट्रेलियातला शेतकरी मेलबर्न, सिडनी किंवा फ्रीमँटलच्या लिलावात लोकर विकतो, तेव्हा त्याच्या हाती पडणाऱ्या हिशेबपट्टीत अडत, तपासणी आणि गोदामभाड्याच्या जोडीला ‘वूल लेव्ही’ नावाची एक ओळ असते. दर विक्रीमूल्याच्या दीड टक्का. एक लाख डॉलरची लोकर विकली की दीड हजार डॉलर वजा. ही रक्कम अडत्याने कापायची, सरकारच्या कृषी खात्यात भरायची आणि खात्याने ती ‘ऑस्ट्रेलियन वूल इनोव्हेशन’ या लोकर उत्पादकांच्याच कंपनीकडे सोपवायची, अशी कायदेशीर रीत. संशोधनापुरती सरकारही त्यात भर घालते. मेंढ्यांच्या आरोग्यावरील संशोधनापासून ‘वूलमार्क’ या बोधचिन्हाच्या जगभरातल्या प्रचारापर्यंतचा खर्च त्यातून चालतो. कोणी लोकर लिलावात न आणता परस्पर परदेशी धाडली, तर लेव्हीऐवजी निर्यात आकार भरावा लागतो. चार जणांच्या पैशांवर पाचव्याने फुकट लाभ घेऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

इथवर नवल काही नाही. शेतकऱ्याच्या पट्टीतून पैसे कापण्याची कला जगातल्या सर्वच सरकारांना आणि बाजार समित्यांना अवगत आहे. नवल पुढे आहे. या लेव्हीचा दर दर तीन वर्षांनी ती भरणारे शेतकरीच मतदानाने ठरवतात. तीन वर्षांत भरलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे एक मत. वर्षाला लाखभर डॉलरची लोकर विकणाऱ्याकडे या हिशेबाने ४५ मते येतात. मोठ्या कळपवाल्याचा आवाज त्यामुळे मोठा होतो, ही टीका रास्तच. पण मतपत्रिकेवर शून्य टक्क्याचाही पर्याय द्यावा लागतो, ही त्यातली कळीची गोष्ट. २०१८ च्या मतदानात कंपनीच्या संचालकांनी दोन टक्के दर कायम ठेवण्याची शिफारस केली होती. शेतकऱ्यांनी ती बाजूला सारून दीड टक्का निवडला. २०२१ आणि २०२४ मध्येही त्यांनी तोच कायम ठेवला. कंपनीला काटकसर करावी लागली, ती काही बुडाली नाही. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये तर २००९ मध्ये लोकर उत्पादकांनी लेव्हीच नाकारली आणि २०१४ मध्ये ती पुन्हा सुरू करण्याचा प्रस्तावही फेटाळला. ‘आमच्या पैशांतून आम्हाला काय मिळाले?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले नव्हते.

हा अधिकार का महत्त्वाचा, हे समजण्यासाठी निर्यात कर अखेर कोणाच्या खिशातून जातो, ते पाहावे लागते. कागदोपत्री तो व्यापारी भरतो. प्रत्यक्षात परदेशी ग्राहक जागतिक बाजारात चालू असलेल्या भावापेक्षा दमडीही जास्त द्यायला तयार नसेल, तर व्यापारी कराची रक्कम आधीच वजा करून शेतकऱ्याला भाव सांगतो. सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये नेमके हेच घडले. फ्लँडर्सचे विणकर इंग्रजी लोकरीवर अवलंबून होते. ते हेरून पहिल्या एडवर्डने १२७५ मध्ये लोकरीच्या दर गोणीमागे सहा शिलिंग आठ पेन्स निर्यात कर बसवला. फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर १२९४ मध्ये तो एका फटक्यात ४० शिलिंग झाला, म्हणजे सहापट. व्यापाऱ्यांनी खरेदीचा भाव पाडून बोजा मेंढ्या पाळणाऱ्यांवर ढकलला. लोक या कराला ‘दुष्ट वसुली’ म्हणू लागले. अखेर १२९७ मध्ये राजाला तो मागे घ्यावा लागला आणि राज्यातील जनांच्या संमतीवाचून असा कर बसवणार नाही, असे लेखी द्यावे लागले. संमतीशिवाय कर नाही, हे तत्त्व पुढे साऱ्या जगाने उचलले. त्याच्या उगमापाशी लोकरीच्या गोणीवरचा कर होता, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

निर्यात कराचा दुसरा परिणाम अधिक खोल जातो. कच्चा माल बाहेर जाणे महाग झाले की तो देशात स्वस्त होतो आणि त्यावर प्रक्रिया करणाऱ्याचे फावते. इंग्लंडमध्ये लोकरीवर जबर आणि कापडावर मामुली निर्यात कर होता. त्या सावलीत तिथला कापडधंदा वाढला. पुढे सतराव्या शतकात तर कच्च्या लोकरीच्या निर्यातीवर सरसकट बंदीच आली आणि ती दीडशेहून अधिक वर्षे टिकली. या बंदीने लोकरीचा भाव पडतो आणि एका वर्गाच्या लाभासाठी दुसऱ्याचे नुकसान होते, असे अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये बजावले होते. विणकराला दिलेली ही सवलत सरकारी तिजोरीतून गेली नव्हती. ती मेंढपाळाच्या पदरातून गेली होती.

तेव्हा उत्पादकांच्या हाती सूत्रे दिली की सारे आलबेल, असे म्हणावे काय? इतका भाबडेपणा परवडणारा नाही. त्याचा धडाही ऑस्ट्रेलियानेच दिला आहे. तिथे १९७० पासून लोकरीला राखीव भाव देण्याची योजना होती. लिलावात भाव त्याखाली गेला की सरकारी महामंडळ माल उचलत असे आणि त्यासाठीचा निधी उत्पादकांकडून घेतलेल्या करातूनच उभा राही. तेजीच्या काळात उत्पादकांच्या संघटनेने आग्रह धरून हा भाव १९८८ मध्ये किलोला ८७० सेंटपर्यंत नेला. मग सोव्हिएत संघ आणि चीन या बड्या ग्राहकांची खरेदी आटली. भाव ७०० सेंटवर आणूनही भागेना. कोसळता बाजार तोलून धरण्यासाठी लोकर-कर एक आकडी टक्क्यांवरून दोन आकडी टक्क्यांवर गेला. फेब्रुवारी १९९१ मध्ये योजना गुंडाळली गेली, तेव्हा गोदामांत सुमारे ४७ लाख गासड्या आणि डोक्यावर अब्जावधी डॉलरचे कर्ज होते. लाखो मेंढ्यांना गोळ्या घालून चरांत पुरावे लागले. साठ्यातली शेवटची गासडी विकायला २००१ उजाडले. संशोधनासाठी टक्का-दोन टक्के देणे वेगळे आणि त्याच पैशांनी बाजाराला वाकवू पाहणे वेगळे. पहिले काम लेव्ही करू शकते. दुसरे करायला निघाली, की ती शेतकऱ्यालाच गिळते.

महाराष्ट्राला हा हिशेब नव्याने शिकवायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. त्या डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण शुल्क राहिले. ते सप्टेंबरात २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ रोजी संपले. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा, हा त्यामागचा हेतू लपलेला नव्हता. पण त्या स्वस्ताईची किंमत कोणाकडून वसूल होते, हे लासलगावच्या शेतकऱ्याला कोणत्याही अर्थतज्ज्ञाने समजावून सांगावे लागले नाही. त्या शुल्कातला किती पैसा कांद्याच्या साठवणुकीवर किंवा बियाण्यावर खर्च झाला, हे विचारण्याचे व्यासपीठही त्याच्याकडे नव्हते. उसाच्या बिलातून होणाऱ्या नाना निधींच्या कपातींचीही तीच गत. कापणाऱ्याला दर ठाऊक असतो, ज्याचे कापले जाते त्याला कारणही धड सांगितले जात नाही.

आपल्याकडे लोकरीलाही हा अनुभव आहे. १९४० च्या कृषी उत्पादन उपकर कायद्यानुसार निर्यात होणाऱ्या कच्च्या लोकरीवर मूल्याच्या अर्धा टक्का उपकर होता आणि तो कृषी संशोधन परिषदेच्या कामासाठी होता. २००६ मध्ये तो रद्द झाला. उद्देश ऑस्ट्रेलियासारखाच आणि दर त्यांच्याहून कमी. पण त्याच्या दराबाबत कोणा मेंढपाळाला मत नव्हते. आज दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर घेऊन माणदेशातला धनगर उभा आहे. कातरणीची मजुरीही लोकरीच्या पैशांतून निघत नाही, म्हणून ती कित्येकदा रानातच टाकली जाते. घोंगडी विणणारे सणगर हातमागावरून उठत आहेत. डिसेंबर २०२२ पासून भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार कराराने तिकडच्या लोकरीवरील आयात शुल्क शून्यावर आणले. ती तलम मेरिनो लोकर सूट-स्वेटरची, आपली घोंगडी आणि जेनाची. त्यामुळे थेट स्पर्धा नाही, हे खरे. पण तिकडच्या लोकरीमागे तिच्या उत्पादकांच्या पैशांवर चालणारे संशोधन आणि प्रचार आहे. इकडच्या लोकरीमागे कोणीही नाही. कपात नाही म्हणून तिचा उत्पादक सुखी आहे, असेही नाही.

म्हणून ‘लेव्ही हवी की नको’ हा वाद अपुरा आहे. एकट्यादुकट्या शेतकऱ्याला प्रयोगशाळा चालवता येत नाही की परदेशी बाजारपेठ उघडता येत नाही. त्यासाठी सामायिक निधी लागतोच. अटी मात्र तीन हव्यात. दर भरणाऱ्याने ठरवावा आणि त्यात शून्याचाही पर्याय असावा. पैसा ठरल्या कामालाच लागावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी भरणाऱ्याच्या हाती पडावा. आणि निर्यातीवरील आकार देशातल्या वसुलीइतकाच असावा. त्याहून जास्त असेल, तर तो निधी नव्हे, दंड आहे. पुण्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ आणि राज्यातल्या बाजार समित्या यांनी या कसोटीवर आपापल्या कपाती तपासून पाहाव्यात. मेंढीची संमती घेऊन कोणी लोकर कातरत नाही. शेतकऱ्याला मात्र मत आहे आणि त्याच्या पट्टीतून पहिला रुपया कापण्याआधी ते विचारले गेलेच पाहिजे.