'करावे' म्हणजे नेमके काय?

इंग्रजीत तांत्रिक दस्तऐवज लिहायची वेळ आली की आपल्याकडचा अभियंता आधी व्याकरणाला घाबरतो. आमच्या मते ही भीती अस्थानी आहे. एखादा 'द' गळाला म्हणून यंत्र बिघडल्याचे ऐकिवात नाही. घात करते ती आपल्या कार्यालयीन मराठीने लावलेली एक सवय.

'झडप बंद करण्यात यावी.' कोणी? आणि नाही केली तर चालेल का? वाक्यात कर्ता नाही. सक्ती आहे की शिफारस, हेही कळत नाही. याचे सरळ इंग्रजी होते, 'द व्हॉल्व्ह शुड बी क्लोज्ड'. आता इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ साली निघालेले आरएफसी २११९ हे छोटेखानी टिपण पाहा. त्यात 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' यांचे अर्थ बांधून दिले आहेत. 'मस्ट'ला अपवाद नाही. 'शुड' मात्र सबळ कारण असल्यास, परिणामांचा नीट विचार करून, टाळता येते. आपले 'करावे' या दोन्ही ठिकाणी राबते. वाचणाऱ्याने 'शुड' हा असा सैल घेतला, तर झडप उघडी राहील आणि त्याला बोल लावता येणार नाही.

विमान-उद्योगाला ही अडचण फार आधी उमगली. विमानांची देखभाल करणाऱ्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते, म्हणून १९८६ साली युरोपात सोप्या इंग्रजीची नियमावली निघाली. आज ती एएसडी-एसटीई१०० या नावाने ओळखली जाते. कृती सांगणारे वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचे, आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. 'फॉलो' म्हणजे मागून येणे. सूचना पाळायच्या असतील तर 'ओबे'. शेक्सपिअरच्या वारसांना ही भाषा कंगाल वाटेल (वाटो बापडी!). शब्दकोश उशाशी घेऊन इंग्रजी शिकलेल्यांना मात्र तिथे घरच्यासारखे वाटावे.

शिवाय एक गोष्ट आपण घरूनच घेऊन आलेलो असतो. 'दिवा लाल झाल्यास यंत्र बंद करा': मराठीत अट सहजच आधी येते. इंग्रजीत ती पुष्कळदा शेवटी लोंबते, आणि तिथवर पोचेपर्यंत वाचकाने यंत्र बंद केलेलेही असते. गूगलच्या लेखन-मार्गदर्शिकेला आपल्या लेखकांना 'अट आधी, सूचना नंतर' असे मुद्दाम बजावावे लागते.

तेव्हा आमची सूचना अशी, की पहिला खर्डा मराठीत लिहावा. पण परिपत्रकाच्या मराठीत नव्हे, तर कारखान्यात नव्या पोराला काम समजावताना जी तोंडात येते तिच्यात. 'आधी मेन स्विच बंद कर. दिवा विझला, की मग झाकण उघड.' याचे इंग्रजी करायला कोणाला शिकवणी लावावी लागत नाही.