गुन्हेगारीशास्त्राचा वर्ग पालघरात भरावा

बारावीचे निकाल लागले, की प्रवेशाची चौकशी करणाऱ्या मुलांकडून अलीकडे एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. पदवीला क्रिमिनॉलॉजी घेता येईल काय, असा तो प्रश्न. पालघर, बोईसर, सफाळे, डहाणू येथील शिक्षकांना तो आता अपरिचित राहिलेला नाही. पडद्यावरील तपासकथांनी हे खूळ भरवले, असे म्हणून वडीलधारी मंडळी हसतात आणि मुलाला वाणिज्य शाखेला घालण्याचा सल्ला देतात. आवड कशामुळे लागली याला फारसे महत्त्व नाही. रहस्यकथा वाचून कायद्याकडे वळलेले वकील आपल्याकडे थोडे नसतील. महत्त्व आहे ते त्या मुलाला मिळणाऱ्या उत्तराला, आणि ते उत्तर आज फार तोकडे आहे.

मुळात या मुलांच्या मनात बहुधा दोन शास्त्रांची गल्लत झालेली असते. रक्ताचा डाग, बोटांचा ठसा, विषाचा अंश यांची परीक्षा करणारे ते न्यायसहायक विज्ञान. त्याच्या पदवीची सोय महाराष्ट्रात २००९ पासून मुंबई, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर येथील शासकीय संस्थांत झालेली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी तज्ज्ञाने जाण्याचे बंधन टप्प्याटप्प्याने घालण्याचे ठरविले असल्याने या पदवीधरांची गरज वाढणार, हेही उघड आहे. परंतु डाग कोणाचा, हे सांगून हे शास्त्र थांबते. तो का पडला, कोणत्या कृत्याला समाज गुन्हा म्हणतो, कोणत्या कृत्याकडे काणाडोळा करतो आणि शिक्षेने नेमके काय साधते, हे प्रश्न गुन्हेगारीशास्त्राचे. सागर विद्यापीठाने त्यासाठी १९५९ सालीच विभाग काढला. धारवाडकडील महाविद्यालयांत हा विषय बी.ए.ला घेता येतो. आपल्याकडे मात्र टाटा समाजविज्ञान संस्थेत तो पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो आणि विधी महाविद्यालयात त्याची तोंडओळख होते. कला शाखेच्या सामान्य विद्यार्थ्याला त्याचा स्पर्शही होत नाही.

हा विषय पदवीच्या वर्गात यावा, आणि पालघर जिल्ह्यात तर तो अगत्याने यावा, असे आमचे मत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये वसला आहे, आणि गुन्हा ही वस्तू कशी घडते व कशी मोडते, याचे इतके धडे इतक्या थोड्या अंतरात क्वचितच सापडतील.

मोहाचेच उदाहरण घ्या. जव्हार-डहाणूच्या वारल्याच्या घरी मोहाचे फूल म्हणजे टंचाईच्या दिवसांतील अन्न, बियांचे तेल आणि सणासुदीची दारू. सरकारला अबकारीचे उत्पन्न हवे होते आणि उरणच्या भट्ट्यांतून निघणारी, कर भरलेली दारूच लोकांनी प्यावी अशी त्याची इच्छा होती. १८७८ च्या अबकारी कायद्याने ते पुरतेपणी साधेना, तेव्हा १८९२ साली खास मोहासाठी कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करणे व बाळगणे यांवरच निर्बंध आले. झाड तेच, फूल तेच, ते वेचणारी बाईही तीच. आदल्या वर्षी ती कुटुंबाची तजवीज करीत होती, पुढल्या वर्षी गुन्हेगार ठरली. स्वातंत्र्यानंतर दारूबंदीच्या धोरणातही फुलांवरचा पहारा उठला नाही. राज्य शासनाने संकलन, साठवणूक व वाहतुकीवरील निर्बंध दूर केले ते २०२१ साली. मधल्या जवळजवळ १३० वर्षांत या पाड्यांनी पोलीस आणि अबकारी शिपाई यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहण्याची सवय लावून घेतली असेल, याचा शोध कोणा विद्यार्थ्याने घेतला आहे काय? लग्नाच्या कर्जापायी जन्मभर सावकाराच्या घरी राबणारा लग्नगडी हे या भागाचे दुसरे वास्तव. फूल बाळगणे गुन्हा असताना माणूस बाळगणे मात्र व्यवहार समजले जात होते. सिमिंग्टन यांनी सरकारी अहवालात ते लिहिले, १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, आणि वेठबिगारी गुन्हा ठरविणारा देशव्यापी कायदा यायला १९७६ साल उजाडावे लागले.

आता डोंगर उतरून समुद्राकडे यावे. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. मुरबे, दांडी, उच्छेळी, सातपाटी येथील मच्छीमारांची तक्रार मंगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ९३.६९ गुणांसह तारापूरचा क्रमांक देशात पहिला लागला. असला पहिला क्रमांक कोणत्याही गावाच्या वाट्याला न येवो. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर मिळून दीडशे कोटींपेक्षा जास्त रकमेची भरपाई बसवली. खाडीतील मासळी गेल्याने ज्यांच्या होड्या किनाऱ्याला लागल्या, त्यांच्या दृष्टीने ही चोरीच होती. परंतु चोर म्हणून कोणाला बेड्या पडल्याचे दृश्य बोईसरच्या रस्त्यावर दिसले नाही. पुढे २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील कारावासाच्या तरतुदीच्या जागी आर्थिक दंड आणला. तुरुंगाच्या भीतीने उद्योग सुधारत नाहीत, दंड लवकर वसूल होतो, हा त्यामागील युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. तथापि मोहाच्या फुलाबाबत तो सुचायला १३० वर्षे लागली, याची नोंद विद्यार्थ्याने घ्यावी. अमेरिकेत एडविन सदरलँड यांनी १९३९ साली प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांचा प्रश्न प्रथम जोराने मांडला. दहा वर्षांनी त्यांचा ग्रंथ निघाला तो कंपन्यांची नावे गाळून; नावांसह तो छापायला १९८३ साल यावे लागले. ११ जानेवारी २०२० च्या सायंकाळी तारापूरच्या एका कारखान्यात स्फोट होऊन माणसे मेली. अशा घटनेचा उल्लेख आपण सहजपणे 'दुर्घटना' असा करतो. हा शब्द कोठे योग्य आणि कोठे सोयीचा, हे पारखण्याची बुद्धी सदरलँड वाचलेल्या बोईसरच्या मुलाला येईल.

आणि गडचिंचले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, मुंबईहून सुरतकडे अंत्यविधीला निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने पोलिसांसमक्ष ठार केले. मुले पळवणारे, चोर फिरत आहेत, अशी आवई आधीचे काही दिवस त्या भागात उठत होती. शंभराहून अधिक लोकांना अटक झाली, काही अल्पवयीन मुलेही ताब्यात घेतली गेली. देशभर त्यावर बोलले गेले, पण बोलणाऱ्यांना गडचिंचले समजून घेण्यापेक्षा आपला आधीचा ग्रह पक्का करण्याची घाई अधिक होती. धुळ्याच्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी अशाच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा बळी घेतला होता. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यात यासाठी अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. दोन वर्षे पुरी होण्याच्या आत गडचिंचले घडले. अफवा कोणत्या वाटेने येते, कोणाच्या तोंडून आली की खरी वाटते, रात्री पहारा देणारे गाव कोणत्या क्षणी जमाव बनते, हे पोलिसी पंचनाम्यात येत नाही. यात अपराध्यांचा कैवार घेण्याचा प्रश्नच नाही. न्यायालयाला कोणी मारले हे ठरवायचे आहे. पुढची रात्र टाळायची असेल तर बाकीचे प्रश्न कोणीतरी विचारलेच पाहिजेत, आणि ते पाड्याची बोली समजणाऱ्या माणसाने विचारणे अधिक बरे.

पालकांचा रोकडा सवाल असा, की यातून नोकरी कोणती? त्यांची फसवणूक करू नये. फौजदाराच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते आणि प्रयोगशाळेत विज्ञानाचाच पदवीधर लागतो. परंतु १९५८ च्या कायद्याने निर्माण झालेले परिवीक्षा अधिकारी, बाल न्याय मंडळावरील दोन सामाजिक कार्यकर्ते, मुलाच्या घरची चौकशी करून मंडळाला अहवाल देणारे कर्मचारी, तुरुंगातील कल्याण अधिकारी ही माणसे व्यवस्थेला रोज लागतात. शिवाय येथील किती पदवीधर पुढे शिपाई, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, पत्रकार होतात, याचाही विचार व्हावा. अफवेच्या रात्री गावात पहिला पोचतो तो यांच्यापैकीच कोणीतरी.

स्वतंत्र विभाग, इमारत आणि पदे यांची वाट पाहिली तर आणखी एक पिढी जाईल. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात मुख्य विषयाबरोबर गौण विषय घेण्याची मुभा आहे. पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयासारख्या ठिकाणी समाजशास्त्र, मानसशास्त्र वा राज्यशास्त्र यांच्या जोडीला गुन्हेगारीशास्त्र गौण विषय म्हणून ठेवता येईल. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली खरी, पण तलासरीच्या मुलीने एका तासिकेसाठी चर्चगेट गाठावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. शिकवायला माणसे कोठून आणायची ही अडचण खरी आहे. निवृत्त पोलीस अधिकारी, फौजदारी वकील आणि परिवीक्षेचे काम केलेली माणसे जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडे नेट-सेटचे प्रमाणपत्र नसेल. त्यांना तासिका तत्त्वावर वर्गात उभे करायचे, तर पात्रतेचे नियम थोडे सैल करावे लागतील आणि मराठीतून पाठ्यपुस्तक लिहवून घ्यावे लागेल. ही दोन्ही कामे मुंबई विद्यापीठाची आहेत, आणि पुढील जूनपूर्वी ती हाती घेता येण्यासारखी आहेत.